ठकूबाईंनी पवनचक्कीबद्दल जे सांगितलं

१४ जुलै १९७४, रविवार
सुट्टीचा दिवस नासला. सकाळीच गटविकास अधिकाऱ्यांचा शिपाई दारात. डेन्मार्कचा इंजिनिअर विश्रामगृहावर उतरलाय, दुभाष्या पाहिजे. लोणावळ्यात इंग्रजी शिकवणारे आम्ही तिघे. एक आजारी, दुसरा शिपाई दिसताच आजारी पडला. राहिलो मी.

पाहुण्याचं नाव निल्स. मोजे पिळून पाणी काढतो आणि हसतो. कुसगावच्या वरच्या वाडीला त्याच्या देशाकडून वाऱ्यावर चालणारा पंप भेट. खालच्या विहिरीचं पाणी आपोआप वर चढणार, बायकांच्या डोक्यावरचे हंडे उतरणार. यंदा वाडीला खडकात टाकं खोदून मिळायचं होतं. ते आता रद्द, वर्षाला एका वाडीला एकच काम. वड्याचं तेल वांग्यावर. विश्रामगृहाची भजीही गार होती.

१६ जुलै
शाळेतून ‘ऑन ड्यूटी’. वाडीवर चिखल, जळवा, छत्री उलटी. निल्स हातात वाटी-वाटीचं गरगरणारं यंत्र धरून वारा मोजतो आणि खूश होतो. आषाढात मावळात वारा मोजायचा! नदीला पूर आला असताना तिची खोली मोजण्यातला प्रकार. पण मला कोण विचारतो.

उतरताना त्याच्या देशाबद्दल बोलला. एवढासा देश, पाटासारखा सपाट, डोंगर नाही, कोळसा नाही. गेल्या हिवाळ्यात तेलाची टंचाई झाली तेव्हा रविवारी मोटारी बंद, रस्त्यावर लोक सायकली घेऊन. त्याच्या आजोबांच्या शेतावर पवनचक्की होती, लढाईच्या काळात घरात दिवा तिच्यावरच लागायचा. पुढे स्वस्त डिझेल आलं, चक्की भंगारात गेली. आता हा गावोगाव म्हातारी माणसं शोधत फिरतो, कुणाला जुनी विद्या आठवते का म्हणून. "आमची चूक एवढीच, आम्ही म्हाताऱ्यांना विचारलं नाही," म्हणाला.

माणूस बरा वाटला. बरी माणसं आपल्या इथे फार टिकत नाहीत.

१९ जुलै
लिहू नये असं वाटतंय, म्हणून लिहितो.

निल्सने विचारलं, वाडीत सगळ्यात म्हातारं माणूस कोण? ठकूबाईंना बोलावलं. सत्तरीच्या पुढच्या, ताठ, डोक्यावर इरलं. प्रश्न साधा. असा वारा वर्षभर असतो का?

बाई बोलल्या ते जसंच्या तसं: "वारं ह्ये पावसाळ्याचं. तवा पानी हाय की सगळीकडं, घरात बी गळतंय. होळीनंतर पान हालत न्हाई, आन् हीर बी आटती. वारं हाय तवा पानी नको, पानी हवं तवा वारं न्हाई. पाऊस हितंच पडतो, त्यो हितंच धरून ठेवा. किल्ल्यावर टाकी हायती का न्हाई खडकात? तसं एक खोदा. चक्की न्या म्हनावं माघारी."

निल्स माझ्या तोंडाकडे बघतोय. ग.वि. (अधिकारी, यापुढे एवढंच लिहीन) माझ्या तोंडाकडे बघतायत. काल संध्याकाळी चहा पाजून ग.विं.नी कानात घातलं होतं की डेन्मार्कला सहा आठवड्यांच्या वर्गासाठी एका शिक्षकाला बोलावणार आहेत, नाव निल्सच सुचवणार, तेव्हा पाहुण्याला नकार ऐकवू नका.

मी इंग्रजीत म्हणालो, हो, इथे नेहमी वारा असतो आणि त्यांना फार आनंद झालाय.

उचलली जीभ लावली टाळ्याला. निल्सने म्हातारीला वाकून नमस्कार केला. शी.

३ ऑगस्ट
निल्स परत गेला, पाती आणि खांब घेऊन थंडीत येणार. जाताना मला थर्मास दिला. डेन्मार्कला याच असं दोनदा म्हणाला. सौ.ला सांगितलं. ती लगेच म्हणाली, तिकडे थंडी फार, स्वेटर लागेल. लोकर आणली, राखाडी.

थर्मासमधला चहा सहा तास गरम राहतो. मला तो पिववत नाही.

३० नोव्हेंबर
चक्की उभी राहिली. खांब वर न्यायला सगळी वाडी आठ दिवस दोरखंड ओढत होती. ठकूबाईंचा मुलगा पुढे. वाडीला वाटतंय आपल्या म्हातारीने सांगितलं ते साहेबाला पटलेलं नाही, तरी पाहुण्याचं काम आहे, ओढलं पाहिजे. सकाळी चांगली झुळूक होती. चक्र फिरलं, वरच्या नळाला करंगळीएवढी धार आली. निल्सचे डोळे भरून आले.

माझ्या डोक्यावरून विजेच्या मोठ्या तारा मुंबईकडे चाललेल्या. आपल्याच धरणांची वीज. खाली वाडीत चिमणी मिणमिणते. तो बिचारा रडतोय आणि मी टाळ्या वाजवतोय. वीट आला स्वतःचा.

२६ जानेवारी १९७५
उद्घाटन. झेंडावंदन आटोपून सगळे वर. वाऱ्याचा पत्ता नाही. चक्र मेल्यासारखं. ग.वि. ‘निसर्गाची अखंड शक्ती’ या विषयावर अखंड बोलले. मग दोन गड्यांनी पात्याला दोर बांधून चक्र ओढलं, तीन फेरे झाले, फोटोवाल्याने तेवढ्यात फोटो घेतला. पेलाभर पाणी आलं, ते ग.विं.नी प्राशन केलं. सगळ्यांना चिक्की वाटली. ठकूबाईंना दात नाहीत, त्यांनाही चिक्की.

संध्याकाळी निल्सला पाठवायचा अहवाल मलाच लिहायला लावला. ‘उत्तम चालते’ असं लिहिलं. इंग्रजी निर्दोष आहे.

२९ मार्च
होळी होऊन दोन दिवस झाले. आज मुद्दाम वर गेलो. चक्की थांबलेली. विहिरीच्या तळाला ओंजळभर गढूळ पाणी. बायका पार खालच्या ओढ्यावर जातात, जाऊन येऊन सकाळ संपते. ठकूबाईंची सून चौथ्या महिन्याची गरोदर, तीसुद्धा हंडा घेऊन कडा चढत होती. वाट दिली तर म्हणाली, "मास्तर, हाटा म्हागं, घसरतंय."

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आणि टाक्याची जागा? चक्कीचा चौथरा तिथेच बांधलाय.

२१ एप्रिल
निल्सचं पत्र. तीन वेळा वाचलं.

एक, ऑगस्टच्या वर्गाला माझं नाव नक्की. तिकीट ते पाठवणार, पासपोर्ट काढून ठेवा.

दोन, आमच्या वाडीचा अनुभव उत्तम असल्यामुळे अशाच चक्क्या मावळातल्या आणखी बारा वाड्यांना द्यायचं ठरतंय. त्याआधी एप्रिल-मेमध्ये पंप रोज किती वेळ चालतो ते तुम्ही स्वतः बघून खरं कळवा. ‘अधिकाऱ्यांपेक्षा माझा तुमच्यावर भरवसा आहे.’

तीन, त्या आजींना नमस्कार. त्या काय म्हणाल्या ते मी इथे सगळ्यांना सांगतो.



२७ एप्रिल
ग.विं.ना भेटलो. पत्र वाचून म्हणाले, बारा वाड्या असोत की बावीस, आपलं काय जातं, लोखंड त्यांचं. शिवाय तुमचं विमान चुकवू नका मास्तर. डोळा मिचकावला. इतकी किळस आली की घरी येऊन गुळण्या केल्या. सौ. म्हणाली, पित्त झालं असेल. स्वेटरची पाठ झालीय, पुढची बाजूही झाली. अंगाला लावून बघा म्हणाली. या उकाड्यात लावली.

त्याची किळस कसली? तो निदान कुणाच्या तोंडचे शब्द बदलत नाही, स्वतःचेच खोटे बोलतो.

४ मे
ठकूबाईंकडे गेलो. सगळं सांगितलं. तुम्ही काय बोललात, मी काय सांगितलं, का सांगितलं. डेन्मार्कचंही. त्या करवंदं निवडत होत्या, निवडायच्या थांबल्या नाहीत.

म्हणाल्या, "मला तवाच कळलं व्हतं. म्या येवढं बोलले आन् तुमी येवढुसं सांगितलं."

मी विचारलं, मग तेव्हाच का नाही बोललात?

"कुनाशी बोलू? त्याला माजी भाषा येत न्हवती. तुमाला येत व्हती."

करवंदं पुढे केली. खाल्ली. आंबट होती, की माझंच तोंड तसं होतं.

१० मे
चार पानी पत्र लिहिलं. ठकूबाईंनी त्या दिवशी सांगितलेलं एकूण एक वाक्य. हीर आटते, पान हालत नाही, पाऊस इथेच धरून ठेवा, किल्ल्यावरची टाकी. मी काय सांगितलं तेही. अहवाल खोटा, हेही. शेवटी लिहिलं की हे वाचल्यावर मला बोलवायचं का ते तुम्ही ठरवा. सौ.ला वाचून दाखवलं. तिच्या सुया थांबल्या. एक बाही राहिलीय.

११ मे, रविवार
पत्र घेऊन वाडीवर गेलो. ठकूबाई म्हणाल्या, वाचा.

म्हटलं, इंग्रजीत आहे मावशी, तुम्हाला काय समजणार. मराठीत सांगतो.

"मराठीत नको. त्याला वाचून दावनार तसंच वाचा."

वाचलं, चारही पानं. उंबऱ्यावर बसून डोळे मिटून ऐकत होत्या. सून हंडा उतरवून दारात उभी राहिली. मागे चक्की गप्प. माझा घसा दोनदा सुकला, पाणी मागायची लाज वाटली.

संपल्यावर म्हणाल्या, "आता बराबर लांब झालं."

मी पाकीट बंद केलं. निघालो तर मागून म्हणाल्या, "मास्तर, पन तुमी त्ये पेटीत टाकलं का न्हाई, ह्ये मला कसं कळायचं?"

टाकतो म्हटलं. त्यांनी मान हलवली, हो अशी नाही, नाही अशीही नाही.

आज रविवार, पोस्ट बंद, पेटी उद्या उघडणार. टाकता आलं असतं तरीही. पाकीट कोटाच्या खिशात आहे, कोट खुंटीला. सौ. शेजारी बसून बाही विणतेय.