चारशे बारा विरुद्ध चारशे बारा

लिटल हॅम्बरी,
मंगळवार, न्याहारीनंतर

प्रिय सिसिली आत्या,

तुझा नवा खुबा कसा वागतोय? तुझी लेक हेदर फोनवर म्हणाली, की ऑपरेशनच्या तिसऱ्याच दिवशी तू वॉकर बाजूला सारून स्वतःचा चहा करायला निघालीस आणि नर्सनं तुला शाळेतल्या मुलीसारखं रागावून परत खुर्चीत बसवलं. त्या बाईंचे माझ्यातर्फे आभार मान. ॲबरडीनची हवा सोसतेय ना? हेदरचा नवरा पॉरिजमध्ये मीठ घालतो ते तू एव्हाना माफ केलं असशील, अशी आशा आहे. इकडे तुझे गुलाब ठीक आहेत, मांजर ठीक आहे, आणि तुझ्या फाटकाची कडी मी शेवटी दुरुस्त करून घेतली.

भूल उतरल्यावर तू पाय हलतोय का हे विचारलंच नाहीस, पहिला प्रश्न केलास तो ‘कॉनी निवडून आली का?’ हे ऐकून मला रडू आलं. (हेदरला सांगू नकोस.) तिनं तुला ‘नाही, थोडक्यात हुकलं’ एवढंच सांगितलं. ते किती थोडक्यात हुकलं हे फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून हे पत्र.

मुळात मला निवडून यायचंच नव्हतं, हे तुला ठाऊक आहे. मार्चमध्ये लॅव्हिनिया प्राउज लिंबाचा केक घेऊन आली तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. पक्षाची जिल्ह्याची सगळी कामं तीच बघते आणि ती कधी उगाच केक आणत नाही. म्हणाली, “कॉनी, आपल्या वॉर्डात कौन्सिलच्या निवडणुकीला उमेदवारच नाही गं. नुसतं नाव लावायचंय. पत्रकं नाहीत, दारोदार फिरणं नाही, काही नाही.” मी म्हटलं, “आणि चुकून निवडून आले तर?” ती इतकी हसली, की केकचे कण माझ्या गालिच्यावर पडले. “हॅरल्ड विंटलसमोर? अगं, चोवीस वर्षं तो तिथे बसलाय. तू हरणार याची मी लेखी हमी देते.” असे नावापुरते उमेदवार प्रत्येक पक्ष उभे करतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही, असंही तिनं सांगितलं. मी सही केली. फॉर्मवर वॉर्डातल्या दोन मतदारांच्या सह्या लागतात. एक लॅव्हिनियानं केली आणि दुसरी तिच्या नवऱ्यानं, वर्तमानपत्रावरची नजर न काढता.

आता हॅरल्डबद्दल. तू त्याला कितीही ‘तो चिंधी टाय’ म्हण, मला तो माणूस आवडतो. एडनासारखी बायको गेल्यापासून त्याच्याकडे कौन्सिलशिवाय काही उरलेलं नाही. दर शनिवारी दहा ते बारा तो वाचनालयाच्या कोपऱ्यात ‘तुमच्या कौन्सिलरला भेटा’ अशी पाटी ठेवून, थर्मास घेऊन बसतो. भेटायला कोणी येत नाही. मीच कधीतरी पुस्तक बदलायला गेले की त्याला वाईट वाटू नये म्हणून पायरस्त्यावरच्या खड्ड्याची तक्रार करते. (तो खड्डा तीन वर्षांपूर्वीच बुजवला. ते आम्हा दोघांनाही माहीत आहे.) अशा माणसाची जागा घ्यायची कल्पनाही मला चोरीसारखी वाटत होती. तो हरला तर शनिवारी कुठे जाईल, हा प्रश्न मला मतदानाच्या आधी महिनाभर छळत होता.

पण आत्या, मधल्या काळात कचऱ्याचं प्रकरण झालं. कचऱ्याची गाडी दर पंधरवड्याला यायची ती आता तीन आठवड्यांनी येणार, असा ठराव झाला आणि हॅरल्डनं त्याच्या बाजूनं हात वर केला. तुला वाटेल, एवढंसं काय. अगं, युद्ध जाहीर झाल्यासारखं वातावरण होतं! मिसेस पार्गेटर, ज्या चर्चमध्ये कुजबुजतसुद्धा नाहीत, त्या खाटकाच्या रांगेत मोठ्यानं म्हणाल्या, “तीन आठवडे! हॅरल्डच्या दारात नेऊन ठेवते माझे माशांचे काटे.” तरीही तो खरंच हरेल असं मला वाटत नव्हतं. माणसं रांगेत बोलतात आणि मत मात्र नेहमीच्याच नावाला देतात, असा माझा समज होता.

मतमोजणी शुक्रवारी सकाळी, पोहण्याच्या तलावाच्या इमारतीतल्या बॅडमिंटनच्या हॉलमध्ये. सगळीकडे क्लोरिनचा वास. लॅव्हिनियानं माझ्या कोटाला पक्षाच्या रंगाचं, ताटलीएवढं फितीचं फूल टोचलं आणि आम्ही टेबलापाशी उभ्या राहिलो. मतपत्रिकांना हात लावायचा नाही, फक्त बघायचं. मला ते बघणं इतकं आवडलं म्हणून सांगू! प्रत्येक फुलीचा हात वेगळा. कुणी घाबरत घाबरत काढलेली, कुणी कागद फाटेपर्यंत दाबलेली, एकीला तर चक्क वेलांटीसारखी शेपटी. माझ्या नावासमोर फुली दिसली की मी मान वाकडी करून विचार करायची, हे कोण बरं? हे शेपटीवालं कोण? (मला पोस्टमास्तरांचा संशय आहे.) आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मुलींची पत्रं सिस्टर बेनेडिक्टा आधी वाचायच्या, तो आनंद मला त्या दिवशी प्रथमच समजला.

अकरा वाजता लॅव्हिनियाचा चेहरा बदलला. तिनं माझा दंड धरला. “कॉनी, खाली बस.” “का?” “तुझा गठ्ठा त्याच्यापेक्षा मोठा आहे.” बसायला खुर्चीच नव्हती, म्हणून मी शिशुवर्गाच्या कसरतीच्या गादीवर बसले. मी चारशे बारा, हॅरल्ड चारशे अकरा, आणि तिसरा उमेदवार, तो तरुण, ज्याला हॅम्बरीत विमानतळ हवाय, त्याला एकसष्ट.

पण संशयास्पद मतपत्रिका बाकी होत्या. निवडणूक अधिकारी मिसेस ओकोरो (उंच, शांत, चष्मा साखळीला) एकेक वर धरून दाखवत होत्या. एकीवर ‘सगळे सारखेच’ असं लिहिलेलं, ती बाद. एक कोरी, ती बाद. आणि एकीवर हॅरल्डच्या नावासमोरच्या चौकटीत कुणीतरी अतिशय मन लावून कचऱ्याचा डबा काढला होता. झाकण, चाकं, वर घोंघावणाऱ्या तीन माश्या. बाकीच्या चौकटी रिकाम्या.

“हे मत नाही, हा शिमगा आहे!” लॅव्हिनिया ओरडली. “त्या माणसाला विंटलची घृणा आहे, आंधळ्यालाही दिसेल.”

मिसेस ओकोरोंनी चष्मा लावला, कागद दूर धरला, जवळ धरला. “घृणा असेलही. पण ती चौकटीच्या आत आहे,” त्या म्हणाल्या. “आणि फक्त एकाच चौकटीत आहे. मत वैध. श्री. विंटल यांना.”

हॅरल्डनं हळूच विचारलं, “माश्यासुद्धा आतच आहेत का?” त्याही होत्या.

चारशे बारा, चारशे बारा. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. तेच. मग कायद्याप्रमाणे चिठ्ठी. हॉलमध्ये योग्य भांडं सापडेना, म्हणून कुणीतरी शटलकॉकची रिकामी नळी आणून दिली. आमच्या नावांच्या दोन चिठ्ठ्या घडी करून आत टाकल्या, हलवल्या, आणि मिसेस ओकोरोंनी डोळे मिटून हात घातला. तो मनगटापर्यंत जाऊन अडकला. पुढचं पाऊण मिनिट एक मदतनीस नळी ओढत होता, त्या हात ओढत होत्या, आणि लोकशाही मधे लटकली होती.

आणि आत्या, त्या पाऊण मिनिटात मला एक विचित्र गोष्ट कळली. माझे ओठ हलत होते. मी मारियेची प्रार्थना म्हणत होते. मला वाटलं, बिचाऱ्या हॅरल्डसाठी. नीट ऐकलं तर स्वतःसाठी! मला त्या कौन्सिलमध्ये बसायचं होतं. कचऱ्यावर बोलायचं होतं, आपल्या गावाच्या बंद केलेल्या बससेवेवर बोलायचं होतं, सत्तरीला टेकले असले तरी ठरावावर हात वर करून बघायचा होता. इतकी वर्षं ही हाव कुठे बसली होती कोण जाणे.

हात सुटला. नाव हॅरल्डचं निघालं.

मी सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या (आपल्याला तसंच शिकवलंय). मग हॅरल्ड यंत्रातला चहा दोन कागदी पेल्यांत घेऊन गादीपाशी आला आणि गुडघे मोडत माझ्याशेजारी बसला.

“कॉनी, तुला खरंच हवं होतं का गं हे?”

“छे! काहीतरीच काय.”

त्यानं एक पेला माझ्या हातात दिला. “मला वाटलं तसं. मघाशी तुझा चेहरा बघितला मी.” मग म्हणाला, “एडनाला मी शब्द दिला होता, की मागचीच शेवटची. आता हीच शेवटची. चार वर्षांनी मी पंचाहत्तरीच्या पुढे असेन, आणि मला शनिवारी झोपायचंय.” म्हणजे ज्याच्यासाठी मी महिनाभर हळहळत होते, तो झोपेसाठी हळहळत होता.

तेव्हापासून गावात चालणं अवघड झालंय. जो भेटतो तो माझा हात दाबून म्हणतो, “आमचं मत तुम्हालाच होतं हो.” मी नावं मनात ठेवते आहे. माझ्या हिशेबानं रविवारच्या प्रार्थनेनंतर मी हॅरल्डच्या पुढे गेले. काल तो भेटला तर म्हणाला, त्यालाही सगळे हेच सांगतायत. आम्ही दोघांनी बेरीज केली, तर हॅम्बरीत आहेत त्याहून जास्त मतदार झाले. फक्त मिसेस पार्गेटर काही बोलत नाहीत. त्या माझ्याकडे बघून नुसत्या गूढ हसतात, आणि परवा मला कळलं, की त्या जलरंगात फार सुंदर माश्या काढतात.

असो. मी दुःखी नाही, हे हेदरला सांग. व्यायाम टाळू नकोस.

तुझी लाडकी भाची,
कॉनी

ता. क. – एक गोष्ट मी लॅव्हिनियाला सांगितलेली नाही, आणि फादरनाही सांगितलेली नाही, कारण ते पाप आहे की पुण्य हेच ठरत नाही. गुरुवारी मतदानाच्या त्या आडोशात, दोरीला बांधलेली पेन्सिल हातात घेऊन मी माझं छापील नाव बघितलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतःच्या हातानं स्वतःलाच मत? म्हणजे ताटातला सगळ्यात मोठा तुकडा स्वतःच उचलून घ्यायचा! सिस्टर बेनेडिक्टा मागे उभ्या आहेत असंच वाटलं. मी फुली हॅरल्डला दिली. आता तूच बेरीज कर, मला ती करवत नाही.

ता. क. दुसरा – चार वर्षांनी मी पुन्हा उभी राहणार आहे, आणि नावापुरती नाही. फॉर्मवरची एक सही हॅरल्ड करतो म्हणालाय. दुसरी मला तुझी हवी, दुसऱ्या कुणाचीही नको. तेव्हा तू एक्क्याण्णव वर्षांची असशील, हे मी मोजलेलं आहे. सही वॉर्डात राहणाऱ्या मतदाराचीच चालते, म्हणून खुबा धड झाला की मुकाट्यानं घरी ये. आणि आत्या, या कामी कोणतीही सबब मी ऐकून घेणार नाही.