दुसऱ्याच्या मापाचे औषध

३ मार्च
मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय चौपन्न, या रुग्णालयाचा औषध-भांडारपाल. कार्यालयीन नोंदवहीत ज्याला रकाना नाही, तेवढेच येथे लिहिणार आहे.

आज आमच्याकडे दाखल असलेले एक बसचालक गेले. त्यांच्या जनुकांतला दोष पाहून केवळ त्यांच्यासाठी बनवलेल्या औषधाच्या चार कुप्या शीतकपाटात उरल्या. प्रत्येकीवर त्यांचे नाव. पूर्वी एकाचे उरलेले औषध शेजारच्या खाटेला चालत असे. आता माणूस गेला की त्याचे औषधही गेले. नियम असा – सात दिवसांच्या आत, दोन साक्षीदारांसमक्ष नष्ट करणे.

४ मार्च
नऊ नंबरच्या खाटेवर शाळेतल्या एक बाई आहेत. दोष जवळजवळ तोच. त्यांचे स्वतःचे औषध तयार व्हायला अजून चाळीस दिवस. तितके दिवस त्यांच्याकडे आहेत की नाही, कोणी सांगत नाही. डॉक्टर म्हणाले, "त्या चार कुप्या लागू पडायची शक्यता निम्मी. समितीकडे परवानगी मागितलीय. जरा थांबा."
"लेखी द्या," मी म्हणालो.

दुपारी बाईंचे यजमान खिडकीशी आले. शिंपी. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच. "साहेब, दुसऱ्याच्या मापाचा सदरा ढगळ होतो, पण माणूस उघडा तर राहत नाही."
मी त्यांना नियम वाचून दाखवला, पोटकलमासह. शेवटपर्यंत ऐकून घेतले त्यांनी. "आमचीही असंच बोलते. तिच्या वर्गात तुमचा पहिला नंबर आला असता."

६ मार्च
चारही कुप्या नष्ट केल्या. लेखी काही आले नव्हते आणि एक साक्षीदार उद्यापासून रजेवर. शेवटच्या दिवसावर काम ठेवायचे नाही, ही माझी तीस वर्षांची सवय.
सिस्टर सही करताना म्हणाल्या, "तीन दिवस बाकी होते की हो."

८ मार्च
परवानगी आली. लेखी.

९ मार्च
शिंप्यांना मीच सांगितले. ते काम दुसऱ्यावर टाकणे योग्य नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, "नियमानंच केलंत, तुमच्यावर काही येणार नाही." हे ऐकून जास्तच लाज वाटली.
शिंपी बराच वेळ टेप गुंडाळत राहिले, उलगडत राहिले. मग म्हणाले, "माप यायच्या आधी कापड कापलंत, साहेब."
आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते.

२९ मार्च
बाई गेल्या. सकाळी साडेनऊला.

१२ एप्रिल
बाईंच्या नावाच्या चार कुप्या आल्या. आवक नोंदवली. आजपासून सात दिवस.
शिंप्यांना सहीसाठी बोलवावे लागले. छापील कागदावर एकच वाक्य होते – नष्ट करण्यास हरकत नाही. त्यांनी सही केली नाही. खिशातून गिऱ्हाइकाच्या मापाची चिठ्ठी काढली आणि तिच्या पाठीवर लिहिले : "ज्याला बसेल त्याला द्या."

१९ एप्रिल
आज आठवा दिवस. जुळणारा रुग्ण अद्याप नाही. कुप्या कपाटातच आहेत. चिठ्ठीही त्यांच्याजवळ ठेवली आहे. नियम मी मोडला आहे आणि पुढेही मोडणार आहे, असे समितीला आज लेखी कळवले.

(सही)
भांडारपाल
शीतकक्ष, १९ एप्रिल