धूळमापकाला किती आकाश दिसतं

३ फेब्रुवारी

ती. काका यांस,
खारूचा साष्टांग नमस्कार.

तुमच्या कानांनी फोनशी कट्टी घेतली हे एका अर्थी बरंच झालं. मी इकडून ओरडायचे, ते शेजारच्या दोन घरांना कळायचं आणि तुम्ही मात्र जेवलीस का, एवढंच पुन्हा विचारायचात. पत्रात निदान तुम्हाला माझं सगळं ऐकून घ्यावं लागतं.

बातमी अशी की संस्थेत मला नवं काम मिळालंय. जुन्या यानांवरच्या उपकरणांची भूमिती नीट लिहून ठेवायची. उपकरण यानावर कुठे बसवलंय, त्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे, त्याला आकाशाचा किती भाग दिसतो, हे सगळं. आम्ही म्हातारे झालो तरी पुढच्या माणसाला ते आकडे वाचून अर्थ लावता आला पाहिजे. सगळ्यांनी नाकं मुरडली म्हणून ते माझ्याकडे आलं. आणि पहिलंच उपकरण निघालं धूळमापक. तुमचं.

बाबा म्हणाले, दादाला यातलं काही विचारू नकोस, तो विषय त्याने मिटवून टाकलाय. पण विचारल्याशिवाय माझं पान पुढे सरकत नाही. बादलीसारखा तो डबा, तळाला सोन्याचा मुलामा दिलेली वाटी, त्या वाटीवर धुळीचा कण आदळला की नोंद होणार, इथपर्यंत कळलं. वाटीला बादलीच्या तोंडातून जेवढं आकाश दिसतं तेवढंच तिचं दृष्टिक्षेत्र, हेही कळलं. मग यान गिरकी घेताना बादली इतकी तिरकी होते की धुळीचा प्रवाह वाटीला दिसूच नये, तेव्हाही थोड्या नोंदी कशा होतात? जुन्या मंडळींनी त्या सगळ्या 'शंकास्पद' म्हणून बाजूला काढल्यात. मी काय लिहू?

काकूला नमस्कार. लोभ आहेच, तो उत्तर लिहिण्याइतका वाढावा.

तुमची,
खारू


११ फेब्रुवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. तब्येत ठीक. गुडघे कुरकुरतात, पण मी त्यांचंही ऐकत नाही.

तू विचारलंस म्हणून तेवढंच सांगतो. डावी-उजवी बाजू लिहिण्याआधी कुठे उभं राहून पाहायचं ते लिही. यानाच्या मागे उभं राहून, अँटेना समोर धरून. नाहीतर वाचणारा आरशात बघत बसेल. बादलीचा अक्ष यानाच्या अक्षाशी काटकोनात नाही, थोडा पुढे झुकलेला आहे, आणि कोन मोजताना तोंडाच्या कडेपासून नाही तर वाटीच्या मध्यापासून मोजायचा. अँटेनाचा दांडा डावीकडून किंचित आडवा येतो. तेवढं आकाश वजा कर. 'सुमारे' हा शब्द कुठेही वापरू नकोस. माहीत नसेल तर माहीत नाही असं लिही.

शंकास्पद नोंदींचं म्हणशील तर त्यावर त्या वेळी पुष्कळ बोलून झालं. मोठ्या मंडळींनी निकाल दिला की उपकरणच मधूनमधून उगाच खडखडतं. त्यांचा निकाल तिथे आहेच, तो उतरवून घे.

बाबाला सांग, फाटक रंगवून झालं.

आशीर्वाद,
काका


१२ फेब्रुवारी

चि. खारूबाई,
तुझ्या काकूचे भरघोस आशीर्वाद.

हे पत्र काकांच्या पाकिटात घालणार होते, पण त्यांनी ते चिकटवून टाकलं होतं, म्हणून हे वेगळं. बाई गं, काय लिहिलंस त्यांना? तुझं पत्र आलं त्या दुपारपासून माझी न्हाणीघरातली बादली बैठकीच्या खोलीत आहे. ती आडवी करून स्टुलावर ठेवतात आणि खुर्चीत बसून तिच्यात सुके वाटाणे मारतात. समोरून मारून झाले, आता तिरके मारतात. वाटाणा बादलीच्या भिंतीला लागतो आणि टणकन तळावर जातो, की माझ्याकडे असे बघतात जणू मीच काहीतरी नाकारलं होतं. सोफ्याखाली, चपलांत, माझ्या विणकामात, सगळीकडे वाटाणे. मी काल ओरडले, तर म्हणाले ऐकू येत नाही. सोयीचा बहिरेपणा!

ते स्वतः सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की कण बादलीच्या भिंतीवर आदळला तरी त्याची वाफ आणि चुरा होतो आणि त्यातला थोडा वाटीपर्यंत पोचतो. म्हणजे त्या नोंदीही खऱ्या धुळीच्या असू शकतात. जमिनीवर याच उपकरणाचं एक जुळं भावंड ठेवलेलं होतं. त्याच्या भिंतीवर मारून बघू द्या म्हणून त्यांनी किती विनवलं. मोठी मंडळी आधी म्हणाली यान उडायची घाई आहे, नंतर म्हणाली आता उडालंच आहे तर उपयोग काय. भर बैठकीत कुणीतरी हसून म्हणालं की यांची बादली भुतं मोजते. पुढचं उपकरण दुसऱ्यांना दिलं, आणि हे तंत्रशाळेत शिकवायला लागले. शिकवलं मनापासून, त्याबद्दल तक्रार नाही. पण धुळीचा विषय निघाला की अंगणात निघून जायचे.

काल गेले नाहीत. एवढं तुला कळवावंसं वाटलं. आमची आठवण ठेव, आणि जमलं तर एक नवी बादलीही पाठव.

तुझी,
काकू


२७ फेब्रुवारी

ती. काका,
नमस्कार. हे पत्र बसून वाचा.

तुमचं जुळं सापडलं! कोठाराच्या मागच्या खोलीत, फोमच्या पेटीत, तोंडावर झाकण घट्ट बसवलेलं. सोनं अजून लख्ख आहे. मी हातमोजे घालून पहिल्यांदा आत डोकावले तेव्हा वाटीत माझंच नाक दिसलं, आपल्या घराण्याचं, बटाट्यासारखं.

मी विभागप्रमुख बाईंकडे गेले. त्यांना म्हटलं, दृष्टिक्षेत्राचं पान लिहायचं तर भिंतीचं काय ते मोजल्याशिवाय लिहिता येणार नाही. त्यांनी बराच वेळ पेनाचं टोपण उघडलं-मिटलं. मग म्हणाल्या, धुळीचे कण भरधाव सोडणारं आपलं यंत्र, ज्याला आम्ही सगळे तोफ म्हणतो, पुढच्या महिन्यात एक दिवस मोकळं आहे, तेवढा दिवस घे. पण त्यांनी आणखीही एक सांगितलं, आणि ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. म्हणाल्या, काकांसाठी करत असशील तर आधी नीट विचार कर. भिंत गप्प राहिली तर जे आजवर फक्त म्हटलं जायचं ते सिद्धच होईल, आणि ते तुझ्या हातून होईल.

हे पान बंद करून जुनाच निकाल उतरवता येईल, कुणी विचारणार नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी जुळं परत पेटीत ठेवीन. तुमची इच्छा कळवा.

लोभ असाच, नको म्हणालात तरी असाच.

खारू


६ मार्च

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

काकूने तुला काय काय लिहिलं असेल याचा अंदाज आहे. वाटाण्यांची संख्या तिने फुगवून सांगितली असणार.

तुझं पत्र वाचून मी फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. खरं सांगू? भीती वाटली. इतकी वर्षं मी बरोबर असण्याची एक शक्यता जवळ बाळगून होतो. कुणाला दिसत नव्हती, पण होती. मोजलं की तीही जाऊ शकते. मग वाटलं, मी त्या बैठकीत तरी दुसरं काय मागत होतो? मोजा, एवढंच ना? आता कुणीतरी मोजायला निघालं आहे आणि मीच नको म्हणू?

तेव्हा मोज. आणि नीट मोज. आधी बादलीचं तोंड झाकून तोफ चालव. तेव्हा नोंद झाली तर ती खडखड, माझ्या उपकरणाचा दोष, तो आधी लिहून टाक. मग तळावर मार, म्हणजे खऱ्या कणाचा आवाज कसा असतो ते कळेल. भिंतीवर शेवटी. भिंतीच्या तीन जागी मार: तोंडाजवळ, मध्यावर, तळाजवळ. सगळीकडे सारखंच घडेल असं मला वाटत नाही. घाई करू नकोस. पेटीतून काढताना खालून धर, कडेला धरू नकोस.

आणि एक. माझ्यावरच्या मायेपोटी एक अंशही इकडचा तिकडे करू नकोस. भिंत गप्प राहिली तर तसं लिही, आणि सुट्टी काढून दोन दिवस इकडे ये. आपण काकूच्या हातचं जेवू आणि मी तुला फाटकाचा रंग दाखवीन. माझं काही अडणार नाही.

तुझा,
काका


२३ मार्च

ती. काका आणि काकू,
दोघांना एकदमच नमस्कार, कारण हे दोघांनी मिळून वाचायचं आहे.

काल झालं. सकाळी तोंड झाकून तोफ चालवली. अगदीच गप्प नव्हतं, काका. मधूनच एखादी खोटी नोंद होत होती. ती मी लिहिली. तळावर मारल्यावर मात्र खणखणीत. मग बादली तिरकी केली आणि भिंतीवर, तोंडाजवळ मारलं. काही नाही. पुन्हा मारलं. काही नाही. तोफेवरचा तंत्रज्ञ माझ्याकडे बघेना. मी बाहेर जाऊन पाणी प्यायले आणि मनात तुम्हाला लिहायच्या पत्राची पहिली ओळ जुळवायला लागले. ती जुळेना.

मग तुमचं आठवलं, सगळीकडे सारखं घडणार नाही. बादली थोडी फिरवून भिंतीच्या मध्यावर मारलं आणि पडद्यावर रेघ उठली. तळाच्या रेघेपेक्षा बुटकी, जरा उशिरा वर येणारी, पण तिथेच. पुन्हा मारलं, पुन्हा तिथेच. तळाजवळ आणखी ठळक. तंत्रज्ञाने टाळी वाजवली आणि स्वतःच दचकला. मी रडले नाही, असं काकूला सांगा. तिला खरं कळेलच.

आज दिवसभर आम्ही शंकास्पद नोंदी काढून बसलो. काही खरोखर खडखड आहेत, त्या तशाच राहतील. पण बहुतेकांची रेघ बुटकी आणि उशिराची आहे, भिंतीवरच्या कणासारखी. बाई चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, एवढी खरी धूळ आपण इतकी वर्षं केराच्या टोपलीत टाकत होतो. तुमच्या उपकरणाला आम्ही समजत होतो त्यापेक्षा कितीतरी जास्त आकाश दिसतं.

दृष्टिक्षेत्राचं पान सोबत जोडलंय. तळाचं क्षेत्र वेगळं, भिंतीचं वेगळं, दांड्याची सावली वजा केलेली. त्यावर दोन नावं लागतील, तुमचं आणि माझं. नाही म्हणायची सोय ठेवलेली नाही. आणि बाईंचा निरोप आहे: नवीन यानावरच्या धूळमापकाचा आराखडा सुरू होतोय, काका येऊन भिंतीबद्दल बोलतील का? समोर बसून, सावकाश, मोठ्या आवाजात.

तुमच्या होकाराची वाट बघणारी,
खारू


२ एप्रिल

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद, आणि ते कमी पडतील तर काकूकडचेही घे.

पान वाचलं. काकूला मोठ्याने वाचून दाखवलं. तिला कोन कळले नाहीत, पण 'भिंतीवरील आघातांची नोंद विश्वासार्ह आहे' हे वाक्य तिने मला पुन्हा वाचायला लावलं. मग उठून आत गेली आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज करत राहिली. मला ऐकू येत नाही असं तिला वाटतं.

खोट्या नोंदी तू लपवल्या नाहीस, याचा आनंद बाकीच्या आनंदाहून कमी नाही. दोन दुरुस्त्या आहेत. तोंडाजवळची भिंत गप्प का राहिली याचं कारण तू लिहिलेलं नाहीस. माझ्या मते तिथली वाफ बाहेरच निसटते, पण हे आपण मोजलेलं नाही, तेव्हा 'माहीत नाही' असं लिही. आणि तिसऱ्या ओळीत 'सुमारे' आहे.

आता मला एक सांग. या परत मिळालेल्या नोंदी दिशेप्रमाणे मांडल्यास का? काही कण ओळखीच्या प्रवाहातून आलेले दिसत नाहीत. मग ते कुठून येतात? सगळ्या वर्षांचे आकडे काढून ठेव, मी आलो की बसू. सोमवारी सकाळच्या गाडीने निघतो. काकूही येते आहे. म्हणते, हे एकटे गेले तर तिथेच राहतील.

आज केस कापायला गेलो होतो. न्हाव्याने आरशातून मोठ्याने विचारलं, एवढे टापटीप होऊन कुठे निघालात, लग्नाला का? मी म्हणालो, नाही, कामावर.

गाडीवर घ्यायला ये.

तुझा,
काका