सांगरीच्या तळाची वाळू

२ फेब्रुवारी ८२
सूनबाई सुगनाच्या माहेराहून, बिकानेरकडून, वाळवलेल्या सांगरीच्या शेंगांचं गाठोडं आलं. सौ. चाळत बसली होती. तळाशी मूठभर वाळू निघाली. ती केरात जाणार इतक्यात हात धरला. दुकानातलं भिंग डोळ्याला लावून पाहिलं. वाळूत बिया आहेत. खसखशीहून बारीक, एका कडेला पापुद्रा.
सौ.: "पेठेतली घड्याळं संपली वाटतं दुरुस्त करायची."
वनस्पतिशास्त्र मी कुणाच्या वर्गात बसून शिकलेलो नाही. जे आहे ते स्वतः वाचून.
सूनबाईला विचारलं, कशाचं बी? "पाऊस झाला की येते, बाबा. छोटा पिवळा फूल. मग वाळून जाते."
"छोटं पिवळं फूल," मी म्हटलं. "नाव काय?"
"नाव नाही. शेळ्या खातात."
नाव नाही असं होत नाही.

६ फेब्रु.
तीच वाळू, थोडी माती, पसरट कुंडी. गॅलरीच्या कठड्यावर ठेवली. नारायण पेठेत ऊन मिळतं तेवढं तिथेच. जात वाळवंटी, तेव्हा पाणी बेताचं. रोज सकाळी ड्रॉपरने. कुंडीला पट्टी लावली. नावाची जागा तूर्त कोरी.

२१ फेब्रु.
कुंडीत हालचाल नाही.
सुगना भाजीला निघाली. दारातून, "मी जाते." सौ. दचकली. लग्नाला वर्ष होत आलं, पुन्हा सांगितलं: घरातून निघताना 'येते' म्हणायचं, 'जाते' नाही.
"पण बाबा, मी तर जाते आहे."
व्याकरणाने बरोबर. कबूल केलं नाही.

२७ फेब्रु.
जेवताना चि. विनयने सांगितलं. जोधपूरला त्यांच्या कंपनीची शाखा निघते आहे. बाळंतपणाला सुगना माहेरी जाणारच, मग कदाचित दोघंही तिकडेच... सौ.ने सगळ्यांना भात वाढला, कुणी मागितला नव्हता.
नंतर मला म्हणाली, "पोरीने तोंड उघडलं की तुमची दुरुस्ती तयार. कोण राहील?"
परक्याचं मराठी मी कधी दुरुस्त करत नाही. हे हिला कळायला हवं होतं.

१० मार्च, धुळवड
पेपर वाचत गॅलरीत बसलो होतो. सुगना मोरीतून छोटी बादली घेऊन आली ती थेट विनयच्या अंगावर. हा बाजूला झाला. सगळं पाणी कुंडीत, उरलेलं माझ्या पेपरवर, तिथून खाली शेजारच्या काकूंच्या पापडांवर.
तिच्या गावी रंग आजच खेळतात. इथे पंचमीला, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. गेल्या वर्षी होळीच्या वेळी ती इथे कुठे होती!
मी ओरडलो. "आज नाही रंग. आणि सगळं बी कुजवलंस."
ती बादली उचलून आत गेली. सौ. माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. काकू पापडांबद्दल बऱ्याच बोलल्या.

१४ मार्च, रंगपंचमी
मुद्दाम जुना सदरा घालून गॅलरीत बसलो. रस्त्यावर पोरांचा दंगा. घरात कुणी रंगाचं नाव काढेना. शेवटी मीच हाक मारली. "सुगना, आज आहे."
आली. ओलं बोट माझ्या मनगटावर टेकवलं, घड्याळाच्या पट्ट्याशेजारी. एक गुलाबी ठिपका.
"एवढंच?" म्हटलं.
ती माझ्याकडे बघतच नव्हती. "बाबा, कुंडी बघा."
टाचणीच्या डोक्याएवढे कोंब. दाटीने.

१५ मार्च
वाचनालयात सापडलं. अशा बियांच्या सालीत उगवू न देणारा एक पदार्थ असतो. भरपूर पाणी वाहून गेलं तरच तो धुतला जातो. शिंतोड्यांना बी भुलत नाही. तेवढ्यावर विश्वासून उगवलं तर पुढे तहानेने मरेल. म्हणजे महिनाभर माझा ड्रॉपर...
सौ.ला सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं. "मग तिच्याशीही जरा सढळ बोला."
मी कुंडीबद्दल बोलत होतो.

२३ मार्च
सुगनाला तिच्या गावच्या पावसाबद्दल विचारलं. खूप बोलली. वाळूवर पहिल्या सरीनंतर कसा वास येतो, आई पोरांना कशी ओढून घरात आणायची. 'पाणी आला', 'माझी घर'. सगळं ऐकलं. सोपं नव्हतं.

८ एप्रिल
उमललं. सदऱ्याच्या बटणाहून लहान, पाच पाकळ्या.
सुगनाला आता खाली वाकणं जड जातं, म्हणून कुंडी स्टुलावर ठेवली. बराच वेळ बघत राहिली. "इथे पण आला, बाबा. छोटा पिवळा फूल."
"हो," मी म्हटलं, "छोटा पिवळा फूल."
सौ. स्वयंपाकघरातून डोकावून माझ्याकडे बघून गेली.

१९ एप्रिल
तिचा भाऊ न्यायला आला. विनय पोचवायला गेला आहे, रजा संपली की येईल. जोधपूरचा विषय निघाला नाही. कुणीच काढला नाही.
रोपं वाळायला लागली. जाताना सांगून गेली: पाणी बंद करा, बी आपोआप खाली पडेल, कुंडी हलवू नका.
"आणि पुढच्या धुळवडीला बादली कोण ओतणार?" मी विचारलं.
हसली फक्त. देवाला, सौ.ला, मला नमस्कार केला. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं, वळली आणि अगदी स्वच्छ म्हणाली, "येते, बाबा."
वर्षभर मीच घोकून घेतलं. आता त्यावरून काही कळायला मार्ग नाही. परत न येणारेही 'येते'च म्हणतात.
'जाते' म्हणाली असती, तर दुरुस्त करायला म्हणून तरी जिन्यातून परत बोलावता आलं असतं.