सहा आकडे

घोलवड, रविवार

प्रिय सुषमा,

आपल्या दोघांच्या घरांमध्ये फक्त एक कुंपण आहे, त्यालाही भोक आहे, तरी मी पत्र लिहितोय. हसू आलं तर आत्ताच हसून घे. पुढे तशी जागा कमी आहे.

काल तू कंपनीच्या जतीनला जे ऐकवलंस, ते मी ओटीवरून ऐकत होतो. "मी सही केलीच नाही, मग करार कसला?" त्याने मोबाइल पुढे केला. पाच वर्षं दोन्ही वाड्यांतले सगळे चिकू कंपनीचे. खाली तुझं नाव, तारीख, वेळ. तू त्याला लबाड म्हणालीस. तो घामाघूम झाला. दोन भाषांत शिव्या येत असतील त्याला, पण एकही दिली नाही. मग तू माझ्याकडे वळलीस, "दादा, तू तरी सांग, असली सही चालते का?" मी, पंचवीस वर्षं संस्कृत शिकवणारा मास्तर, "बघू" म्हणालो. एवढ्या शब्दभांडारातून तेवढाच हाती लागला.

चालते, सुषमा. संध्याकाळी मी भारती वकिलांना फोन केला. जमीन विकायची असती तर नोंदणी लागली असती. झाडावरची फळं मात्र कायद्याच्या लेखी जंगम. झाड जागचं हलत नाही, फळ आधीच चालू लागलेलं. आधारची सही, म्हणजे फोनवर येणारे ते सहा आकडे, शाईच्या सहीइतकीच पक्की. ती आपली नाही म्हणायचं, तर आकडे दुसऱ्याच्या हाती पडले हे दाखवावं लागतं. नाहीतर पाच वर्षं तुझी फळं त्यांची आणि चिकू सुकवायला तू नि तुझ्या मैत्रिणीने, हिरकणीने, आणलेले ट्रे रिकामे. ज्यासाठी नर्सरीतली नोकरी सोडलीस, ते सुरू होण्याआधीच संपलं.

शाळेत आधारचं शिबिर भरलं, तेव्हा तुझ्याकडे फोन नव्हता. मी ऐटीत म्हणालो, "माझा नंबर टाका, भाऊच आहे." पुढे तू दोनदा म्हणालीस, तो बदलून घेऊ. मी चिडवलं, "सरकारचा निरोप आला की हाक मारीन." गेल्या महिन्यात निरोप आला. समोर जतीन बसला होता, मला "पंडितजी" म्हणत होता. "बेनला विचारलंय ना?" एवढं त्याने विचारलं. मी म्हणालो, "विचारलंय." विचारलं होतंच. "माझ्या झाडांना ठेका नको," असं तू स्वच्छ सांगितलं होतंस. मौनं संमतिलक्षणम्, एवढी पळवाटही ठेवली नव्हतीस. पण कंपनी एकटी माझी वाडी घेत नव्हती. मला वाटलं, धाकटी आहे, ट्रेचं वेड दोन महिन्यांत उतरेल. आणि मी ते सहा आकडे वाचून दाखवले. चष्मा लावून, नीट, एकेक करून.

उद्या तू डहाणूला जतीनवर फसवणुकीची तक्रार द्यायला निघाली आहेस, म्हणून हे पत्र. त्याचं नाव लिहू नकोस. माझं लिही. हा कागद भारतीबाईंना दे. मूळ दे, मोबाइलवरचा फोटो नको. "एका ओळखीच्या माणसाचं काम आहे," असं मी त्यांना फोनवर सांगितलं होतं. तेवढी दुरुस्तीही कर. मला हाक मारायची गरज नाही. बोलावतील तिथे येऊन हेच सांगेन. खालची सही माझी मीच केली आहे.

तुझाच दादा,
विनोद जगन्नाथ राऊत