घोरते का?

॥ श्री ॥

३ डिसें., बुध.
खर्च: उशा २ – रु. ६४०. तिळाचं तेल – १९०. फिजिओ रेश्माताई (कोन गावाहून आल्या) – ५००.
वैशू बाळंतपणाला माहेरी आलीय. आठवा लागला. आडवी झाली की दम लागतो, डोळ्याला डोळा नाही. डॉ.नी रेश्माताईंना पाठवलं. कुशीवर निजवून बरगड्या, पाठ हलक्या हाताने मोकळी करतात. तेल नकोच म्हणाल्या. (फोडणीला होईल.)
वैशू म्हणे, "आई, किती दिवसांनी पोटभर श्वास आला गं."
जाताना त्यांनी विचारलं, "घोरते का?" मी झटकन, "छे!"
ओटीच्या वेळी विहीणबाई चारचौघींत बोलल्या होत्या, "तुमच्या लेकीबरोबर इंजिनही आलं हो आमच्याकडे." अजून टोचतं.

४ डिसें., गुरु.
मार्गशीर्षातला गुरुवार. घट मांडला. दुपारी वैशू घोरायला लागली. लागली एकदाची झोप म्हणून देवीपुढे साखर ठेवली, ह्यांचा टीव्ही बंद करवला. मधेच घोरणं थांबलं. बरंच वाटलं.

६ डिसें., शनि.
रेश्माताईंचा हात पाठीवर असतानाच वैशूचा डोळा लागला, आणि सुरू. माझी मान खाली. मग थांबलं. मी म्हटलं, "झाली बाई शांत."
त्यांनी माझा हात ओढून वैशूच्या नाकाखाली धरला. वारा नाही. बरगड्या मात्र धडपडतायत. अंबे, अंबे... मग गचका देऊन मोठा श्वास. झोपेतच.
"काकू, बरगड्या मी मोकळ्या करीन. हे माझ्या हातातलं नाही. आत्ताच डॉक्टरांना सांगा."
परवा साखर ठेवली ती ह्याला.

८ डिसें., सोम.
डॉ.नी तपासलं, वैशूचं बी.पी. वाढलंय. झोप तपासायचं मशीन उद्या रात्री घरी लावणार. पोटातल्याचे ठोके ठीक, देवाची कृपा.
डॉ. विचारतात, कधीपासून? दिवस जायच्या आधीही होतं? वैशू म्हणे, "मला कसं कळणार, मी झोपलेली!" जावई बोटीवर, फोन लागत नाही. तिच्या खोलीत निजायच्या त्या विहीणबाई.

९ डिसें., मंगळ.
वैशू उशांना टेकून झोपलीय. मशीन रात्री लागेल, तोवर माझा डावा हात तिच्या नाकाखाली, उजव्याने लिहिते.
विहीणबाई फोन स्पीकरवर टाकतात, आख्खं चिपळूण ऐकतं. म्हणून चिठ्ठी लिहिली, ह्यांनी चिठ्ठीचा फोटो पाठवला. इथे उतरवते:
"सौ. विहीणबाईंस सा. न. तुम्ही इंजिन म्हणालात ते खरं. मला राग आला होता, सोडला. ते मधेच बंद पडायचं का? कधीपासून? तुमच्याशिवाय सांगणारं कोणी नाही. उलट टपाली कळवावे. म्हणजे आत्ताच."