ऐकता कान

११ ऑक्टोबर १९३४
बाच्या उशीवर रक्त! आई अभ्रा गुपचूप धुवायला नेत होती, मी हातातून ओढून घेतला. "कान तर नेहमीच वाहतो त्याचा," म्हणाली. पू वाहतो. रक्त कधी नव्हतं.

१४ ऑक्टोबर
बा कान पाहू देत नाही. उजवा कान म्हणजे आमच्या होडीचा कान. वल्ह्याचं पातं पाण्यात सोडून दांडा कानाला टेकवला की खाली घोळ माशांची झुंड कुरकुरते ती बाला ऐकू येते. मग जाळं पडतं. असल्या कानात तेल, औषध, काडी काही घालायचं नाही, दर्या रुसतो—आम्हा कोळ्यांची रीत. म्हणून मी लहान असल्यापासून तो वाहतो आहे आणि कुणी हात लावलेला नाही. मीसुद्धा! आणि अलिबागच्या शाळेत मुलींना आरोग्य शिकवते.

१९ ऑक्टोबर
जेवताना बाच्या तोंडातून पेज गळली. उजवा गाल लोंबतो, डोळा मिटत नाही. होडीचे प्रमुख, तांडेल अंबाजीकाका म्हणाले, "वारं लागलं असंल." मी मुंबईच्या डॉक्टरांचं नाव काढलं. "बी. ए. झालीस म्हणून आता दर्याला धडा देतंस काय गो?" सगळे हसले. बाही हसला—अर्ध्या तोंडाने. बघवेना.

२२ ऑक्टोबर
भांडले, रडले. "मला शिकवलंस ते कशासाठी?" असंही बोलले. बाने हातातलं जाळं खाली ठेवलं. मग—"चल. पन अंबाजीला कानाचं बोलू नको. डोळ्यासाठी जातो, सांग."

२६ ऑक्टोबर, मुंबई
रेवसहून बोटीने भाऊच्या धक्क्याला. डॉक्टरांनी आरशाने उजेड पाडून कानात पाहिलं, चिमट्याने मांसाचा कण काढला. तपासायला दिला आहे.

३१ ऑक्टोबर
कॅन्सर. कानाच्या आत, हाडापर्यंत. फार दुर्मिळ—"एवढ्या वर्षांत हा माझा दुसरा रोगी," डॉक्टर म्हणाले. वर्षानुवर्षं वाहणाऱ्या कानात कधीकधी होतो म्हणे. हाड कोरून काढायचं, पोकळीत रेडियम ठेवायचं. "बरा होईल ना?" "प्रयत्न करू." मला तेवढं पुरलं.

७ नोव्हेंबर
कापलं. शुद्धीवर येताच बाचे पहिले शब्द—"घोळ हाय खाली."

१८ नोव्हेंबर
रेडियम ठेवलं आहे. त्या बाजूला कान उरलेला नाही, नुसती पट्टी. तरी बा त्याच बाजूने ऐकतो! मान कलती करून, मिटतो तो एक डोळा मिटून. "कुरकुरतंय. तुला न्हाय येत?" मी नाही म्हणते. पण हल्ली ट्रामच्या खडखडाटाखाली काहीतरी येतं खरं. पाण्याखालून आल्यासारखं. मी खिडकी लावून घेते, तरी येतं.

१२ डिसेंबर
घरी आलो. अंबाजीकाका हसत हसत आले, पट्टी पाहून उंबऱ्यातच बसले. "कान कुठं रं तुझा, शिवदास?" बाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "दिला," म्हणाला. काका पुन्हा आले नाहीत. होडीवर आता दुसरा कुणी ऐकतो. आई माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे. बा जगेल!

३ जानेवारी १९३५
जबड्याखाली गाठ. दगडासारखी. मी परत मुंबईचं बोलले. बा लगेच "व्हय" म्हणाला.

४ जानेवारी
मी पिशवी भरत होते. बा ओटीवर उन्हात बसला होता. तिथूनच, अगदी सहज—
"डाक्तर कापायच्या आधीच मला बोलला व्हता, रतन. कापलं काय न कापलं काय, वाचायचा न्हाय. घरी जा, चार दिस दर्यावर जा. मीच बोललो, काप. तू भायेर बाकावर बसली व्हतीस. दारातून तोंड दिसत व्हतं तुझं."
भरलेले कपडे एकेक करून परत दांडीवर टाकले.